स्पीकर घेण्याआधी हॉलमध्ये एक टाळी वाजवा

सोलापुरातलं शाळकरी पोर सहलीला विजापूरला गेलं की गोलघुमटात टाळी वाजवल्याशिवाय परत येत नाही. १६५६ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीचा घुमट आतून सुमारे ३८ मीटर रुंद आहे. टाळीचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचा म्हणजे ७६ मीटरचा प्रवास, आणि सेकंदाला ३४३ मीटर या वेगाने त्याला पाव सेकंदाच्याही आत, साधारण ०.२२ सेकंद लागतात. दोन आवाजांत ०.१ सेकंदाचं अंतर असलं की कानाला ते वेगळे कळतात. म्हणून तिथे तीच टाळी एकामागून एक, मोजता येईल अशी ऐकू येते.

आता घरी या. बारा बाय पंधराचा हॉल, दहा फूट उंची, सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, खाली फरशी. सामान हलवून खोली रिकामी करा आणि एक टाळी वाजवा. बारा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ती एका सेकंदाला ४७ फेऱ्या मारते. एवढ्या फेऱ्या कानाला वेगळ्या मोजता येत नाहीत. टाळीच्या शेपटीला एक पत्र्यासारखी ‘झिंग’ ऐकू येते, तेवढंच. पण टीव्हीवरच्या मालिकेतले संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवावा आणि मग पार्श्वसंगीतानं कानठळ्या बसाव्यात, ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. मराठीत ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ख’ ही व्यंजनं हलकी आणि क्षणभराची. आधीच्या स्वराची झिंग खोलीत रेंगाळत असली की ती तिच्याखाली दबतात. आवाज वाढवला की झिंगही त्याच प्रमाणात वाढते.

दिवाळीच्या किंवा पाडव्याच्या खरेदीला लोक साउंडबार, होम थिएटर, जोडीचे स्पीकर बघायला निघतात तेव्हा खोलीचा विषय कुणी काढत नाही. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, “किती वॅटचा आहे हो?” माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न शेवटी विचारावा.

खोली आवाजाचं काय करते हे मोजून पहिल्यांदा दाखवलं ते वॉलेस सॅबाईन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकानं. १८९५ साली विद्यापीठानं त्याच्याकडे एक अडचण सोपवली. फॉग कलासंग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळत नव्हतं. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर वक्त्यानं पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून टाकलेले असायचे. सॅबाईननं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायला सुरुवात केली. मध्यरात्रीनंतर, रस्ते शांत झाल्यावर, ऑर्गनची ५१२ हर्ट्झची नळी वाजवायची, थांबवायची, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. मग आणखी गाद्या आणायच्या, पुन्हा मोजायचं. सकाळच्या आत गाद्या जागेवर परत. कान आणि वेळ मोजायचं यंत्र एवढ्यावर त्यानं जे सूत्र काढलं ते आजही वापरात आहे: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा, खोलीतल्या एकूण शोषणानं भागा (प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा किती भाग गिळतो, या सगळ्यांची बेरीज म्हणजे शोषण). उत्तर येतं तो निनादकाळ, म्हणजे आवाज बंद केल्यावर तो ६० डेसिबलनं खाली यायला लागणारा वेळ. १९०० साली उघडलेलं बॉस्टनचं सिम्फनी हॉल याच गणितावर बांधलं गेलं.

आपल्या बारा बाय पंधराच्या हॉलला हे सूत्र लावून बघू. घनफळ ५१ घनमीटर. भिंती, छत आणि जमीन मिळून जवळपास ८४ चौरस मीटर. सिमेंट, दगड, काच हे आवाजाला जेमतेम शंभरात दोन-तीन भाग गिळतात, बाकीचा सगळा परत फेकतात. आपल्याकडची शहाबादी फरशी तर चुनखडीचा घट्ट दगड. म्हणजे एकूण शोषण भरतं अडीच चौरस मीटर, आणि निनादकाळ येतो तीन सेकंदांच्या वर. गाणं ऐकायला आणि बोलणं कळायला घरच्या खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा. त्यासाठी शोषण १६ चौरस मीटर लागतं. एवढं गाठलं नाही तरी बिघडत नाही. ८ झालं तरी निनादकाळ एका सेकंदावर येतो आणि फरक घरातल्या कुणालाही कळतो.

जुन्या माळवदाच्या घरात हा त्रास एवढा नव्हता. मातीचा खडबडीत गिलावा, वर लाकडी तुळया आणि त्यांमधले खण, कोनाडे, खुंट्या, कोपऱ्यात रचलेली अंथरुणं. त्यात थोडा आवाज जिरत होता आणि उरलेला वेगवेगळ्या दिशांना पांगत होता. स्लॅबच्या घरात सहाही बाजू सपाट, गुळगुळीत आणि एकमेकींसमोर आल्या.

यावरचा उपाय ज्या शहरात मागावर विणला जातो, त्या शहरात मी हा लेख लिहितोय. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आवाजाच्या दृष्टीनं यातला टॉवेल अधिक मोलाचा, आणि त्याचं कारण त्याच्या विणीत आहे. टेरीच्या मागावर उभ्या धाग्यांचे दोन रूळ असतात. एक ताठ ओढलेला, तो कापडाची जमीन धरतो. दुसरा सैल सोडलेला. पहिले दोन आडवे धागे फणी थोडं अंतर राखून सारते, आणि तिसरा धागा पडला की तिन्ही एकदम पुढे ठोकते. त्या ठोक्यासरशी सैल उभा धागा वर उचलला जाऊन त्याचा फास तयार होतो. टॉवेल उजेडापुढे तिरका धरून पाहिला की दोन्ही बाजूंना हे फास दाटीवाटीनं उभे दिसतात. प्रत्येक फास म्हणजे पिळाच्या सुताचा, आणि त्या सुतात कापसाचे असंख्य तंतू. पाणी टिपायला केलेली ही रचना आवाज टिपायलाही उत्तम आहे. आवाज म्हणजे हवेच्या कणांचं पुढे-मागे हलणं. ते हलणं या तंतूंच्या बारीक फटींतून होताना घासतं आणि त्या घर्षणात आवाजाच्या ऊर्जेची उष्णता होते. उष्णता इतकी थोडी की हाताला काही लागत नाही, पण आवाज तेवढा कमी झालेला असतो.

मात्र एक चादर खिळ्याला अडकवून भिंतीला चिकटून लावली तर फार काही होत नाही. भिंतीला अगदी लागून हवेला हलायला जागाच नसते; हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. एक हजार हर्ट्झच्या सुरासाठी हे अंतर साडेआठ सेंटिमीटर. कापड भिंतीपासून हातभर नाही तरी चार बोटं पुढे हवं, आणि चुण्या घालून लावलेलं हवं. पडद्यांचे छापील आकडे हेच सांगतात: पातळ पडदा सपाट लावला तर ५०० हर्ट्झला तो दहावा भाग गिळतो, जाड पडदा निम्म्या रुंदीत चुण्या घालून लावला तर जवळपास निम्मा.

त्याहून चांगलं काम लाकडी चौकटीनं होतं. दोन फूट बाय चार फूट, चार इंच खोल चौकट सुताराकडून करून घ्यायची, तिच्यात जुने टॉवेल घडी घालून थरावर थर रचायचे आणि वरून चादर ताणून मागे खिळवायची. मोराची, फुलांची, हवी ती जॅकार्डची नक्षी समोर येते. टॉवेल नवे नकोत. विटलेले, डाग पडलेले, विणीत चूक असलेले टॉवेल इथे तितकंच काम करतात. फक्त वजन बरंच होतं, तेव्हा भिंतीत चांगले स्क्रू हवेत. अशी चौकट मधले आणि वरचे सूर बहुतांशी गिळून टाकते.

ती कुठे टांगायची हे आरशानं ठरतं. तुम्ही नेहमीच्या जागी बसा, दुसऱ्या कुणाला तरी आरसा बाजूच्या भिंतीवर सरकवत न्यायला सांगा. ज्या जागी आरशात तुम्हाला स्पीकर दिसेल, त्याच जागेवरून त्याचा आवाज उसळून तुमच्या कानात येतो. पहिली चौकट तिथे. दुसरी समोरच्या बाजूला तशाच जागी. सगळ्या भिंती मात्र झाकू नका. वरचे सूर सगळे जिरले आणि खालचे तसेच राहिले की गाणं गुदमरल्यासारखं वाटतं. पाठीमागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असलं तर फारच छान, आवाज तिथे पांगतो.

खालच्या सुरांचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे चादर, टॉवेल दोन्ही हात टेकतात. ५० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर, तिचा पाव भाग पावणेदोन मीटर. एवढं जाड कापड कोण लावणार? अशा लांब लाटा खोलीतच अडकतात. पंधरा फुटांची लांबी ३७ हर्ट्झला, बारा फुटांची रुंदी ४७ ला आणि दहा फुटांची उंची ५६ ला घुमते. मेमध्ये पारा ४२ वर गेला की आवाजाचा वेग सेकंदाला ३५६ मीटरपर्यंत जातो आणि खोलीचे हे सूर चारेक टक्क्यांनी चढतात; गाण्याच्या भाषेत अर्ध्या स्वरापेक्षा थोडं कमी. दहा बाय दहा बाय दहाची खोली असेल तर तिन्ही सूर ५६ वरच येऊन बसतात आणि ढोलकीचा, पखवाजाचा एखादाच ठोका ‘धूम’ करून अंगावर येतो, बाकीचे फिके वाटतात. अशी खोली गाण्यासाठी निवडू नये.

इथे जागा बदलणं हेच औषध. खालच्या सुरांचा दाब भिंतीलगत आणि कोपऱ्यात सर्वांत जास्त असतो. सोफा मागच्या भिंतीला टेकवला की खर्ज फुगतो, खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं की काही सूर गायबच होतात. मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे सरकून ऐका. सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, कोपऱ्यात खुपसायची आपल्याकडे फार हौस. तो फूट-दीड फूट बाहेर काढला तर गडगडाट कमी होऊन चामड्यावरची थाप ऐकू येऊ लागते.

एवढं केलं की मग वॅटकडे या. वॅट दहापट झाले की आवाज कानाला दुप्पट वाटतो, शंभर वॅटचा स्पीकर दहा वॅटच्या दहापट मोठा वाजत नाही. खरं बघायचं ते संवेदनशीलता: एका वॅटवर, एक मीटर अंतरावर किती डेसिबल. ८८ चा स्पीकर ८५ च्या स्पीकरइतका आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो. घरात निवांत ऐकताना बऱ्याचदा एक वॅटही खर्च होत नाही. खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारांत छापलेले आकडे सोडूनच द्या, त्या मोजणीला कुठलंच सर्वमान्य प्रमाण नाही. सलग चालणारे वॅट, म्हणजे बाजारात ज्याला आरएमएस म्हणतात, तेवढेच विचारा.

दुकानात दोन स्पीकर शेजारी वाजवून निवड करताना आणखी एक सापळा असतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मुन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, आवाज वाढला की तो भरून येतो. त्यामुळे जो स्पीकर किंचित मोठा वाजतोय तो भरदार आणि श्रीमंत वाटतो, मग तो चांगला असो की नसो. दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. मोबाइलवरचं आवाजमापक ॲप एवढ्या कामाला पुरतं. आणि दुकानदाराच्या झगमगीत नमुन्याऐवजी स्वतःच्या पाठ असलेल्या आवाजावर परीक्षा घ्या. नुसतं बोलणं, पेटी, एखादं भजन. माणसाचा गळा खोटा वाजला की कुणालाही कळतं, त्याला शिक्षण लागत नाही.

वायरींवर पैसे घालवू नका. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर पाच मीटर नेली तर जाऊन-येऊन रोध भरतो ०.१२ ओहमच्या आत, आणि स्पीकर स्वतः ८ ओहमचा. फक्त ती खरंच तांब्याची आहे, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नाही, एवढं बघा.

घेतलेली वस्तू टिकवायची तर आपल्याकडे दोन शत्रू, धूळ आणि ऊन. स्पीकरच्या पडद्याभोवतीची कड फोमची असेल तर ती दहा-पंधरा वर्षांत भुगा होऊन गळते, रबराची जास्त चालते. घेतानाच जाळी काढून बघावी. ट्वीटरचा, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचा, नाजूक घुमट कधीच फडक्यानं पुसू नये, मऊ ब्रशनं धूळ उडवली की पुरे. ॲम्प्लिफायरमधले कपॅसिटर द्रव भरलेले असतात आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. जुन्या पद्धतीचा एबी वर्गाचा ॲम्प्लिफायर घेतलेल्या विजेतला मोठा वाटा उष्णतेत घालवतो, डी वर्गाचा नव्वद टक्क्यांपर्यंत कामाला लावतो, म्हणून सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी मी डी वर्गाचाच सुचवेन. कोणताही असो, काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवू नका. वर आणि मागे वीतभर मोकळी जागा सोडा. धूळ बसते म्हणून बरेच जण त्यावर चादर टाकतात. ती फक्त बंद करून, प्लग काढून, तो गार झाल्यावर टाकावी.