बोलके व्हिडिओ आणि मुलाचे बोलणे

अंक, रंग आणि बडबडगीते शिकवणारे व्हिडिओ दाखवले की दीड-दोन वर्षांचे मूल लवकर बोलू लागते आणि डबे-वाट्यांशी खेळणे म्हणजे नुसता वेळ घालवणे, असे पुण्यातल्या अनेक घरांत अजूनही मानले जाते. हा समज चुकीचा आहे. या वयात मूल पडद्यापेक्षा समोरच्या माणसाकडून अधिक सहज शिकते, कारण पडदा त्याच्या बोबड्या शब्दाला किंवा बोटाच्या खुणेला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवू नये आणि दोन वर्षांच्या मुलासाठीही ही वेळ दिवसाला एका तासाच्या आत, शक्य तितकी कमी ठेवावी.

याउलट परातीत थोडे पाणी, एक गाळणी आणि दोन वाट्या दिल्या, तर मूल ओतते, सांडते, पुन्हा भरते, आणि शेजारी बसलेली आजी 'भरलं', 'सांडलं', 'अजून हवं?' असे म्हणत राहिली की प्रत्येक शब्द त्याच्या हातातल्या कृतीला जोडला जातो. खरे शिकणे येथे घडते, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. तुळशीबागेतून भातुकली आणायचीच असेल, तर मुलाच्या तोंडात मावणार नाहीत अशी मोठी भांडी निवडावीत. शेंगदाणे, चणे, राजमा खेळायला देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकू शकतात. पाण्याच्या खेळात मोठ्या माणसाने क्षणभरही उठून जाऊ नये आणि खेळ संपताच परात रिकामी करावी.