अपडेट केलंत, पण रीबूट?
(आमच्याकडे व्हीपीएस, म्हणजे स्वतंत्र व्हर्च्युअल सर्व्हर, घेतलेल्या ग्राहकांसाठी)

“कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) त्रुटी आहे, अपडेट करा असा तुमचा मेल आला, आम्ही लगेच केलं. तरी तुमच्या तपासणीत जुनंच कसं दिसतं?” दर महिन्याला हाच फोन. उत्तर एवढंच, की रीबूट राहिलंय.

अपडेटची कमांड नवं कर्नल डिस्कवर आणून ठेवते. चालू असतं ते मात्र मशीन सुरू होताना मेमरीत चढलेलं जुनंच. उबुंटूवर लॉगिन केलं की ‘सिस्टिम रीस्टार्ट रिक्वायर्ड’ अशी चांदण्या लावलेली ओळ येते. ती कोणी वाचत नाही. ‘युनेम -आर’ (uname -r) टाइप करा, चालू कर्नलचा आकडा दिसेल. ‘बूट’ फोल्डरमध्ये त्याहून नवा आकडा दिसला, तर काम अर्धंच झालंय.

“पण मेलमधली त्रुटी ‘लोकल’ आहे ना, म्हणजे सर्व्हरच्या आत असलेल्यालाच वापरता येणारी? लॉगिन तर फक्त आमचंच.” लोकल म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस नव्हे. साइटवरच्या जुन्या प्लगइनमधून कुणी एक पीएचपी फाइल चढवली, की ती साध्या युजरच्या हक्काने सर्व्हरवर चालते. अशा त्रुटीला तेवढं पुरतं, रूट (सर्वाधिकारी युजर) लागत नाही.

२०१० सालचं उदाहरण घ्या. युनिक्स सॉकेट म्हणजे एकाच मशीनवरच्या प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायची वाट. लिनक्समध्ये तिच्यातून उघडं सॉकेटही पाठवता येतं, पाकिटात पाकीट घालावं तसं. हल्लेखोराने अशी पाकिटं भराभर पाठवायची आणि वाऱ्यावर सोडायची. बेवारस पाकिटं उचलायचं काम कर्नलचं, पण ते वेळेवर व्हायचं नाही आणि मशीन गोठायचं. कर्नल २.६.३७ मध्ये दुरुस्ती आली : वाटेतली सॉकेटं १६,००० च्या वर गेली, की आधी सफाई, मग पुढचं पाकीट. दुरुस्ती मोजक्या ओळींची, पण रीबूट न केलेल्या मशीनला तिचा काय उपयोग!

यात डेटा चोरीला जात नाही, खरं आहे. पण एसएसएच (दुरून लॉगिन) उघडत नाही, पॅनेलमधून हार्ड रीसेट मारावा लागतो. डेटाबेसची टेबलं इनोडीबी प्रकारची असतील तर ती बहुधा स्वतः सावरतात. जुन्या मायआयएसएएम प्रकारची टेबलं रिपेअर करत आम्ही बसतो, त्याचं बिल लागतं आणि मग वाद होतो.

‘४०० दिवस अपटाइम’, म्हणजे ४०० दिवस रीबूटच नाही, असं कौतुकाने सांगणारेही आहेत. आम्हाला त्यात ४०० दिवसांचं जुनं कर्नल दिसतं. (लाइव्हपॅच, म्हणजे चालू कर्नललाच ठिगळ लावणारी सोय, असेल तर गोष्ट थोडी वेगळी, पण त्यातही सगळ्याच दुरुस्त्या बसत नाहीत.)

अनेक ग्राहकांच्या साइट एकत्र असलेले शेअर्ड सर्व्हर आम्ही रात्री दोनला रीबूट करतो, त्यावरही तक्रारी येतात. तिथे सगळ्यांच्या साइट एकाच कर्नलवर असतात. शेजाऱ्याच्या प्लगइनपायी तुमचं दुकान भर दुपारी बंद पडण्यापेक्षा रात्रीची पाच मिनिटं बरी.

देखभाल करारात हे सगळं आमच्याकडे असतं : आधी स्नॅपशॉट (सर्व्हरची आहे तशी प्रत), मग रीबूट, मग साइट, मेल आणि बॅकअप सुरू झाले का ते बघणं. स्वतः करणार असाल तर डेटाबेस बूटबरोबर आपोआप सुरू होतो ना, हे आधी तपासा. आणि शनिवारी संध्याकाळी सहाला करू नका. आमचा फोन सोमवारी दहाला सुरू होतो.