एका छापचित्राचे धनी किती? जपानी निसर्ग-छापचित्रांची पार्श्वभूमी

फुजीची ‘छत्तीस दृश्ये’ (प्रत्यक्षात ४६) आणि तोकाइदो मार्गावरचे मुक्काम बहुतेकांनी पाहिलेले असतात. १८३०च्या दशकातल्या या चित्रांचे आकाश-पाणी युरोपातून आलेल्या प्रशियन निळ्याने पालटले, एवढे सांगून पुढे जाऊ. आज संग्राहकांच्या उड्या पडतात त्यांतली बरीच निसर्गदृश्ये शंभरएक वर्षांनंतरची, शिन-हांगा (‘नवी छापचित्रे’) चळवळीतली आहेत.

ही चळवळ टोकियोतल्या एका प्रकाशकाने १९१५च्या सुमारास उभी केली. पद्धत जुनीच: चित्रकाराने रेखाटायचे, कोरणाऱ्याने तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून कोरायचे, छापणाऱ्याने रंग लावून कागद बारेनने, म्हणजे हातातल्या चपट्या गोल गादीने, घासायचा; पैसा आणि शेवटचा शब्द प्रकाशकाचा. सोसाकु-हांगा (‘सर्जनशील छापचित्रे’) या दुसऱ्या चळवळीतल्यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते तिन्ही कामे एकाच हाताची हवीत. १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत प्रकाशकाचे दुकान ठशांसकट जळाले. धंदा पुन्हा सावरला तो अमेरिकन गिऱ्हाइकावर डोळा ठेवूनच.

मान कोणाचा, हा वाद युद्धानंतर सरकारी समितीपुढे आला. १९५०च्या कायद्याने कारागिरीलाही सांस्कृतिक ठेवा म्हणून संरक्षण मिळू लागले होते. शिन-हांगातल्या एका ज्येष्ठ निसर्गचित्रकाराचे नाव निघाले. पण चौघांच्या कामाचा मान एकाला कसा द्यायचा? शेवटी त्याच्याकडून नवे चित्र करून घेऊन सगळी प्रक्रिया नोंदवून ठेवायचे ठरले. ही पळवाट होती असे म्हणणारे आहेत; मला तर समितीने केलेला हा सर्वांत प्रामाणिक निवाडा वाटतो. १९५३चे ते चित्र झोजोजी मंदिराजवळच्या बर्फाचे, ट्रामसाठी थांबलेल्या बाईसह. एकेक कागद ४२ वेळा छापावा लागला. दर खेपेला कागदाची कड फळीवरच्या ‘केंतो’ खाचेत नेमकी बसवायची. केसभर सरकली तरी रंग रेषेबाहेर जातो. हे कसब चित्रकाराचे नव्हे. विक्रेते मात्र त्यालाच ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ या सरकारी किताबाचा मानकरी म्हणून खपवतात.

अजिंठा-वेरूळची छापचित्रे करणारा दुसरा एक चित्रकार १९३०-३१मध्ये भारतात येऊन गेला. त्याने प्रकाशकाला आधीच फाटा देऊन स्वतःची कार्यशाळा थाटली होती. समासात ‘जिझुरी’, म्हणजे स्वहस्ते छापलेले, असा शिक्का असे. छापत बहुतांशी पगारी कारागीरच, त्याच्या नजरेखाली. तरी शिक्का नसलेल्या प्रतीला आजही भाव कमीच येतो.