नौकादुरुस्तीतील काचतंतू कापड व इपॉक्सी

नौकेचा तडकलेला, भोक पडलेला किंवा झिजलेला भाग काचतंतूंचे कापड व इपॉक्सी रेझिन (हार्डनर हा दुसरा द्रव मिसळल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव) यांचे थर चढवून पूर्ववत करण्याची पद्धत. फायबरग्लासच्या (काचतंतू व रेझिन यांच्या), प्लायवूडच्या आणि लाकडी पट्ट्या चिकटवून बांधलेल्या नौकांवर ती वापरतात. या जोडीत ताण पेलते ते कापड. रेझिन तंतूंना जागच्या जागी धरते, एका तंतूवरचा भार शेजारच्याकडे पोहोचवते आणि पाणी अडवते. तरीही दुरुस्ती करणारे बहुधा रेझिनचा डबा पारखून घेतात आणि कापड मिळेल ते उचलतात. बरीच कामे तिथेच फसतात.

काचेचे सलग तंतू १९३० च्या दशकात अमेरिकेत व्यापारी प्रमाणावर निघू लागले. रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये ओहायो राज्यातील टोलेडो येथे काचतंतूंची छोटी नौका बांधली, ती पॉलिएस्टर हे दुसऱ्या प्रकारचे रेझिन वापरून. पॉलिएस्टर स्वस्त असल्याने कारखान्यात साच्यावर घडवलेल्या नौका आजही मुख्यतः त्याच्याच असतात. इपॉक्सीवर स्वित्झर्लंडमध्ये प्येर कास्ताँ आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम केले. हौशी नौकाबांधणीत ते रुजवण्यात मिशिगनमधील बे सिटीच्या गूजन बंधूंचा मोठा वाटा आहे. त्यांची कंपनी १९६९ ची.

नौका पॉलिएस्टरची असली तरी दुरुस्ती इपॉक्सीने करण्यामागे ठोस कारण आहे. पॉलिएस्टरचे थर ओले असताना एकावर एक चढवले की रासायनिक बंधांनी एकजीव होतात. वर्षानुवर्षे कडक होऊन बसलेल्या पृष्ठभागावर तसे घडत नाही. तिथे नवा थर केवळ चिकटून राहतो, आणि चिकटण्यात इपॉक्सी पॉलिएस्टरपेक्षा बरेच सरस आहे. शिवाय घट्ट होताना ते कमी आकसते.

कापडाची निवड

कापड वजनावरून ओळखतात : दर चौरस मीटरला इतके ग्रॅम, किंवा अमेरिकी पद्धतीत दर चौरस यार्डाला इतके औंस. ४ औंसाचे कापड सुमारे १३५ ग्रॅमचे, ६ औंसाचे सुमारे २०० ग्रॅमचे आणि १० औंसाचे सुमारे ३४० ग्रॅमचे असते. पहिली दोन प्लायवूडवर किंवा पट्ट्यांच्या लाकडी नौकेवर आवरण म्हणून उत्तम. रेझिन मुरल्यावर ती इतकी पारदर्शक होतात की खालच्या लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसतात. किनाऱ्यावर ओढल्या जाणाऱ्या नौकेच्या बुडाला १० औंसाचे कापड किंवा हलक्या कापडाचे दोन थर द्यावेत.

भोक बुजवायचे असेल तेव्हा विचार बदलावा लागतो. विणलेल्या कापडात प्रत्येक धागा दुसऱ्याच्या वरून-खालून जातो, म्हणजे तो मुळातच वाकलेला असतो आणि ताण आल्यावर आधी सरळ होऊ पाहतो. टाके घालून बांधलेल्या द्विदिश कापडात धाग्यांचे दोन थर न गुंफता एकमेकांवर सपाट ठेवलेले असतात, बहुधा अधिक-उणे ४५ अंशांत. त्यामुळे तेवढ्याच वजनात जास्त ताकद मिळते. ४०० ते ६०० ग्रॅमचे असे कापड भार पेलणाऱ्या दुरुस्तीसाठी पहिली पसंती असावी. हाताने चढवलेल्या ६०० ग्रॅमच्या एका थराची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर भरते, तेव्हा नौकेची ६ मिलिमीटर जाडीची भिंत पुन्हा उभी करायला आठेक थर लागतात. हाच हिशेब २०० ग्रॅमच्या कापडाने केला तर थरांची संख्या तिपटीवर जाते.

तुकडे केलेल्या तंतूंची मॅट स्वस्त असते आणि कोपऱ्यात सहज बसते, पण इपॉक्सीसाठी ती घेताना सावध राहावे. साध्या मॅटमधले तंतू ज्या बंधक द्रव्याने धरलेले असतात ते पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या विद्रावकात विरघळण्यासाठी बनवलेले असते. इपॉक्सीत स्टायरीन नसते. परिणामी मॅट ताठर राहते, नीट भिजत नाही आणि रेझिन मात्र भरपूर पिते. टाक्यांनी शिवलेल्या मॅटला ही अडचण नाही.

सर्वसाधारण कापड ई-ग्लास या नेहमीच्या प्रकारच्या काचेचे असते. एस-ग्लास सुमारे तिसरा हिस्सा अधिक बळकट, पण महाग. दुरुस्तीत त्याची गरज क्वचितच पडते. कार्बन तंतू लावून ‘मजबुती’ आणण्याचा मोह तर टाळावाच. फायबरग्लासच्या लवचीक भिंतीत कार्बनचा ताठ पट्टा बसवला की भार त्याच्याकडे धावतो आणि पट्ट्याच्या कडेला नवी तडक जाते.

वक्र भागावर ट्विल किंवा सॅटिन विणीचे (धागे कमी वेळा गुंफलेले) कापड साध्या विणीपेक्षा चांगले बसते. साधेच हाती असेल तर ते तिरके कापावे. काठ जाडसर असतो, तो कापून टाकावा. घडी घालून ठेवलेल्या कापडाच्या मोडीवर रेझिन मुरल्यानंतरही पांढरी रेघ राहू शकते, म्हणून कापड नेहमी गुंडाळूनच ठेवतात.

पृष्ठभागाची तयारी

निम्म्याहून अधिक मेहनत इथे जाते. दुखापत दिसते त्यापेक्षा मोठी असते. लहान हातोडीने आजूबाजूला ठोकत गेले की शाबूत भाग पक्क्या मडक्यासारखा खणखणीत वाजतो, थर सुटलेला भाग बद्द वाजतो. बद्द वाजणारे सगळे कापून काढावे. मग कडेला उतार तासायचा : भिंतीच्या जाडीच्या बारा पट लांबीचा. ६ मिलिमीटर जाडीला हा उतार सर्व बाजूंनी ७२ मिलिमीटर होतो, आणि तळहाताएवढे भोक बघता बघता ताटाएवढे दिसू लागते. ते पाहून हात आखडता घेऊ नये. नवे कापड जुन्या भिंतीला धरून राहते ते याच उताराच्या क्षेत्रफळावर.

घासण्याआधी मेण व तेलकटपणा विद्रावकाने पुसून काढावा, एका फडक्याने ओला करून दुसऱ्या कोऱ्या फडक्याने उचलून. आधी घासले तर मेण ओरखड्यांत खोल दाबले जाते. त्यानंतर ८० क्रमांकाचा सँडपेपर. भाग पूर्ण कोरडा हवा. पाण्याने फुगवटे आलेल्या नौकेला वाळायला कित्येक आठवडे लागू शकतात. लाकडातील ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या खाली असावा.

मिश्रण व थर चढवणे

पॉलिएस्टरची सवय असलेला माणूस इपॉक्सीत ‘लवकर सुकावे’ म्हणून हार्डनर वाढवतो, आणि काम कायमचे मऊ राहते. पॉलिएस्टरमधले पेरॉक्साइड प्रक्रिया सुरू करून देणारे असते, ते थोडे कमी-जास्त चालते. इपॉक्सीचा हार्डनर स्वतःच अंतिम पदार्थाचा घटक बनतो. म्हणून उत्पादकाने दिलेले प्रमाण, मग ते ५:१ असो, ३:१ असो वा २:१, काटेकोर पाळावे. वेग बदलायचा तर जलद किंवा मंद हार्डनर निवडावा. प्रक्रियेत उष्णता निर्माण होते. खोल कपात साठवलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापून धुरावू लागते. तेच उथळ ट्रेमध्ये पसरले तर कितीतरी अधिक वेळ वापरता येते.

उतारावर आधी नुसत्या रेझिनचा हात, मग खाचांत सिलिकाची बारीक पूड मिसळून घट्ट केलेले रेझिन आणि त्यावर कापड. सर्वांत मोठा तुकडा प्रथम की सर्वांत लहान, यावर मतभेद आहेत. मोठा प्रथम लावल्यास सलग तंतू उतारभर जुन्या भिंतीला चिकटतात, आणि शेवटी सपाटी आणताना घासले जातात ते वरच्या लहान तुकड्यांचे धागे. हीच रीत अधिक पटण्याजोगी आहे.

पांढरे कापड भिजले की पारदर्शक होते. पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा आहे. स्क्वीजीने (लवचीक पट्टीने) मधून कडेकडे जादा रेझिन सारत न्यावे. नीट भिजलेल्या कापडाची वीण दिसते आणि चमक मंद असते. चकाकणारे डबके साचले असेल तर कापड रेझिनवर तरंगते आहे असे समजावे. त्याने वजन वाढते, ताकद नाही. लाकडावर काम दुपारनंतर, तापमान उतरत असताना करतात. ऊन चढताना लाकडातील हवा प्रसरण पावून रेझिनमध्ये बुडबुडे आणते.

वरचा थर चिकट असतानाच पुढचा दिला तर मधे घासावे लागत नाही. पूर्ण घट्ट झाल्यावर मात्र काही इपॉक्सींवर अमाइनचा (हार्डनरमधील द्रव्याचा) मेणचट पापुद्रा येतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून आधी पाणी आणि खरखरीत घासणीने धुवावा, नंतर सँडपेपर. शेवटच्या थरावर नायलॉनचे सोलकापड अंथरून नंतर ते ओढून काढले की हा पापुद्राही त्याच्याबरोबर जातो आणि खरखरीत, स्वच्छ पृष्ठभाग मिळतो. सपाटीसाठी सूक्ष्म पोकळ गोळ्यांची हलकी पुट्टी चालते. ती कापडाच्या वर लावावी, भार पेलायला कधीही नाही.

अतिनील किरणांनी इपॉक्सी खडूसारखे भुकटते, त्यामुळे रंग किंवा किरणरोधक वार्निश अनिवार्य ठरते. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारी बहुतेक इपॉक्सी ५०–६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात. उन्हात गडद रंगाचा डेक तेवढा सहज तापतो.

सुट्या फळ्या जोडून बांधलेल्या जुन्या लाकडी नौकेला हे आवरण सहसा मानवत नाही. फळ्या पाण्यात फुगतात, वाळल्यावर आकसतात, आणि ताठ आवरण सांध्यांवर फाटते. आत शिरलेले पाणी मग बाहेर पडू शकत नाही आणि लाकूड आतून कुजते.

हार्डनर व अर्धवट घट्ट झालेले रेझिन त्वचेला वारंवार लागल्यास कायमची ॲलर्जी होऊ शकते. नायट्राइलचे हातमोजे प्रत्येक वेळी घालावेत. हाताला लागलेले रेझिन विद्रावकाने पुसू नये, कारण त्याने ते त्वचेत आणखी मुरते, साबण-पाण्याने धुवावे. ताज्या थरांची भुकटी जुन्यापेक्षा अधिक त्रासदायक असते, म्हणून घासकाम रेझिन पुरते घट्ट झाल्यावर आणि मास्क लावूनच करतात.