विद्युतधारेची दिशा: एका जुन्या संकेताची पार्श्वभूमी

परिपथाच्या आकृतीत धारेचा बाण घटाच्या धन अग्राकडून ऋण अग्राकडे काढला जातो, तारेतील इलेक्ट्रॉन मात्र बरोबर उलट दिशेने सरकतात. ही विसंगती शिकणाऱ्याला हमखास खटकते. तिचे मूळ 1747 च्या सुमाराचे आहे. घासलेल्या काचेवरची वीज आणि राळेवरची वीज वेगळी असते, हे त्याआधीच नोंदले गेले होते. अमेरिकेतील एका संशोधकाने या दोन विजांच्या जागी एकच अदृश्य द्रव मानला. ज्या वस्तूत त्याचे आधिक्य ती धन आणि जिच्यात तूट ती ऋण, अशी मांडणी केली, आणि घासलेल्या काचेला धन ठरवले. आज आपल्याला माहीत आहे की काच रेशमावर घासली असता इलेक्ट्रॉन काचेकडून रेशमाकडे जातात, म्हणजे आधिक्य रेशमात होते.

या निवडीला सर्रास चूक म्हटले जाते, ते अन्यायाचे आहे. त्या काळी सरकते काय, हे ठरवणारा एकही प्रयोग उपलब्ध नव्हता. शिवाय धारेच्या दिशेचा खरा निर्णय त्यानंतर सुमारे सात दशकांनी झाला. 1800 मध्ये धातूंच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे एकावर एक रचून पहिला विद्युत घट तयार झाला आणि अखंड धारा प्रथमच हाती आली. 1820 मध्ये तारेजवळची चुंबकसूची वळते, असे आढळले, आणि ती कोणत्या बाजूला वळेल हे सांगण्यासाठी धारेला दिशा देणे भागच पडले. त्याच वर्षी एका फ्रेंच गणितज्ञाने ही दिशा ठरवली. धन आणि ऋण अशा दोन्ही विजा तारेत एकाच वेळी परस्परविरुद्ध वाहतात, असे तो मानत होता. केवळ सोयीसाठी त्याने धन विजेच्या दिशेला धारेची दिशा म्हटले. क्षाराच्या द्रावणात दोन्ही प्रकारचे आयन खरोखरच असे उलटसुलट सरकतात, आणि तेथे हा संकेत इलेक्ट्रॉनांच्या दिशेपेक्षा मुळीच कमी योग्य ठरत नाही.

विभवांतर आणि धारा यांचे प्रमाण 1827 मध्ये, तर परिपथातील संगम (जिथे तारा एकत्र मिळतात) आणि बंद वळसे यांचे नियम 1845 मध्ये मांडले गेले. या नियमांना वाहकाच्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या कणाच्या, धन-ऋण चिन्हाशी काहीही कर्तव्य नाही. एखाद्या शाखेत दिशा उलटी गृहीत धरली, तर उत्तर ऋण येते, एवढेच.

चिन्ह ओळखण्याची वाट 1879 मध्ये उघडली. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या सोन्याच्या पातळ पत्र्यातून धारा सोडली असता पत्र्याच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म विभवांतर आढळले, आणि त्याचे चिन्ह वाहकाच्या चिन्हावर अवलंबून असते. लोखंडात मात्र ते सोन्याच्या उलट निघाले, त्यामुळे साधा निष्कर्ष काढता आला नाही. 1897 मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागला, तेव्हा मोजयंत्रांच्या अग्रांवरील खुणा, सूत्रे आणि पाठ्यपुस्तके जुन्या संकेतावर बसलेली होती. पुढे काही तांत्रिक प्रशिक्षण पुस्तिकांनी इलेक्ट्रॉनांच्या दिशेने बाण काढून पाहिले, पण डायोडच्या (धारा एकाच दिशेने वाहू देणाऱ्या घटकाच्या) चिन्हातील बाण आजही जुन्याच दिशेला आहे, आणि त्या पुस्तिका वाचणाऱ्याला तो उलटा वाचावा लागतो.

वाहकांच्या वेगाबद्दलचा गैरसमज याहून अधिक नुकसान करतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा वाहते, तेव्हा इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला सुमारे 0.07 मिलिमीटर, म्हणजे तासाला जेमतेम 26 सेंटिमीटर सरकतात. कळ दाबताच दिवा लागतो, कारण विद्युतक्षेत्र तारेच्या कडेने प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल इतक्या वेगाने पसरते. कळीजवळचा इलेक्ट्रॉन दिव्यापर्यंत पोहोचण्याची वाट पाहावी लागत नाही.

अँपिअरची व्याख्या 1948 पासून दोन समांतर तारांमधील बलावर आधारलेली होती. 20 मे 2019 पासून ती मूलभूत प्रभाराचे मूल्य 1.602176634 × 10⁻¹⁹ कूलोम असे निश्चित धरून केली जाते. हे मूल्य धन आहे. इलेक्ट्रॉनच्या प्रभारापुढे मात्र अठराव्या शतकातील त्या संकेतानुसार आजही ऋण चिन्हच लिहिले जाते.