लंगडतंय? आधी पाय बघा, कॅल्शियमची बाटली नंतर

नमस्कार मंडळी. आमच्या दुकानातून खाणं, पट्टे, औषधं नेणाऱ्या सगळ्यांसाठी हे माहितीपत्रक आहे, आणि ज्यांच्या घरात लॅब (लॅब्रॅडॉर), गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन असं मोठं होणारं कुत्र्याचं पिल्लू आहे त्यांनी तर जरूर वाचा. दर आठवड्याला काउंटरवर कुणीतरी येतंच, "अहो बाळ लंगडतंय, ती कॅल्शियमची बाटली द्या ना." आम्ही बाटली द्यायच्या आधी दहा प्रश्न विचारतो, काहीजण वैतागतात पण, म्हणून कारण एकदाच नीट लिहून काढलं.

लॅबचं पिल्लू जन्मतं तेव्हा अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतं आणि वर्षभरात २५-३० किलोचं होतं. एवढ्या झपाट्यानं वाढणाऱ्या हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चा असते, ती पक्की व्हायला मोठ्या जातींना वर्ष-दीड वर्ष लागतं. अंगात मस्ती मात्र आत्ताच पूर्ण भरलेली. लंगडणं याच वयात सुरू होतं आणि आपल्याला वाटतं हाडं कच्ची आहेत, कॅल्शियम कमी पडलं असणार.

बऱ्याचदा उलटंच असतं. मोठं कुत्रं गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम पोटात गेलं तर ते शोषून घेणं कमी करतं, पण साधारण ६ महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते नीट जमत नाही, जेवढं घालाल त्यातलं बरंच अंगात जातं आणि हाडांची वाढच बिघडते. तुम्ही मोठ्या जातीच्या पिल्लांचं चांगलं तयार फूड घालत असाल तर त्यात मोजून कॅल्शियम असतं, वर सिरप घालायची काही गरज नाही. हां, नुसता चिकन-भात किंवा दूध-पोळीवरच पिल्लू वाढवत असाल तर खरंच कमी पडू शकतं, पण मग किती आणि कसं द्यायचं ते व्हेटनाच ठरवू द्या.

पिल्लू लंगडलं की पहिलं काम, खाली बसा आणि पंजा हातात घ्या. बोटांच्या मधली जागा, गाद्या, नखांची मुळं, सगळं बघा. काटा, काच, तुटलेलं नख, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यानं भाजलेली गादी, बोटांमध्ये फुगून बसलेली गोचीड, हे सगळं आम्ही इथं काउंटरवरच सापडलेलं बघितलंय. काही नाही सापडलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा, सपाट जमिनीवर, समोरून आणि मागून, हळू दुडकत चालताना, कारण दवाखान्यात गेलं की उत्साहाच्या भरात पिल्लू चांगलं चालून दाखवतं आणि डॉक्टरांना काही दिसतच नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं, एवढं व्हिडिओत बघून ठेवा.

मागच्या पावसाळ्यात एक ताई १० महिन्यांचा जर्मन शेफर्ड घेऊन आल्या होत्या. आधी पुढचा डावा पाय, आठ दिवसांनी मागचा उजवा, मग परत पुढचा. घरचे म्हणत होते नाटकं करतोय. मी त्याच्या पुढच्या पायाचं लांब हाड मधोमध हलकंच दाबलं तर गडी ओरडला नाही, फक्त मान वळवून माझा हात चाटायला लागला आणि पाय ओढून घेतला. व्हेटनी एक्सरे काढून पॅनोस्टायटिस सांगितलं, म्हणजे वाढत्या वयात लांब हाडांच्या आत येणारा दाह. साधारण ५ ते १८ महिन्यांच्या वयात येतो, पाय बदलत फिरतो, त्रास भरपूर होतो पण वाढ पूर्ण होता होता बहुतेक वेळा आपोआप थांबतो. नाटकं नव्हती ती. आणि आपल्याकडं पाय बदलत लंगडणं प्लस ताप, सुस्ती असेल तर टिक फीवरची रक्ततपासणी करून घ्याच, गोचिडांच्या तापानंही सांधे धरतात.

बाकीचे प्रकार असे सहज जात नाहीत. खुब्याचा सांधा सैल असलेलं पिल्लू धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतं, बसल्यावर उठायला वेळ लावतं, जिना टाळतं, त्याला हिप डिसप्लेजिया म्हणतात, तो बराचसा आईबापाकडून येतो आणि जास्त वजनानं वाढतो. कोपर आणि खांद्याच्या सांध्यांतले दोष साधारण ४ ते ८ महिन्यांत दिसायला लागतात, विश्रांतीनंतर उठताना जास्त जाणवतात. यांना जितक्या लवकर एक्सरे तितकं बरं.

पाय अजिबात टेकत नसेल, सांध्यावर किंवा मनगटाच्या वर गरम सूज असेल, ताप असेल, खाणं सोडलं असेल तर त्याच दिवशी दवाखाना. आणि हात जोडून सांगतो, घरातली माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्यांच्या पोटात रक्तस्राव करतात, किडन्या निकामी करतात, पॅरासिटामॉलही आपल्या अंदाजानं नको.

खाण्याबद्दल थोडं कडक बोलतो. गुबगुबीत लॅब सगळ्यांना गोड वाटतं पण अमेरिकेत ४८ लॅबवर जन्मभर अभ्यास झाला, त्यात भावंडांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, तर २००२ मध्ये आलेल्या निकालात कमी खाणारे जवळजवळ २ वर्षं जास्त जगले आणि सांध्यांचा त्रासही उशिरा झाला. घरी तपासायचं असेल तर तळहात पसरून हाताच्या पाठीवरून बोटं फिरवा, आतली हाडं जशी लागतात तशाच बरगड्या लागायला हव्यात. शोधाव्या लागल्या तर वाटी कमी करा.

दीड वर्षाचं होईपर्यंत स्कूटरला बांधून पळवणं बंद, ८ महिन्यांच्या लॅबला रविवारी सिंहगड चढवणं बंद, तासभर बॉल फेकून गर्रकन वळायला लावणं बंद. त्यापेक्षा गवतावर, मातीवर मोकळं सोडा, दमलं की स्वतः बसेल. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर वाटीजवळ आणि दारापाशी, जिथं ते घसरत पळत येतं तिथं, रबरी मॅट टाका, जुनं तरट पण चालेल, मॅट आमच्याकडूनच घ्या असं काही नाही.

ज्यांनी आमच्याकडून कॅल्शियमची बाटली नेली आहे आणि अजून सील फोडलं नाही त्यांनी बिलासकट परत आणा, पूर्ण पैसे देऊ. फोडलेली असेल तरी घेऊन या आणि पिल्लालाही आणा, दुकानाबाहेरच्या फरशीवर चालवून बघू.