‘ग्रॉगी’ आणि पाणी घातलेली रम

रात्रपाळी करून घरी आलेला माणूस, भूल उतरत असलेला रुग्ण, लांबचा विमानप्रवास करून उतरलेला प्रवासी, या सगळ्यांना आज इंग्रजीत ‘ग्रॉगी’ म्हणतात. आपल्याकडेही शहरी बोलण्यात हा शब्द रुळला आहे. ‘सर्दीची गोळी घेतली, सकाळपासून ग्रॉगी वाटतंय,’ असं सहज म्हटलं जातं. म्हणणाऱ्याने दारूचा थेंबही घेतलेला नसतो. मुळात मात्र हे विशेषण ब्रिटिश आरमारातलं. ते रमच्या पिंपाभोवती जन्मलं आणि त्याचा पहिला अर्थ ‘प्यायलेला’ एवढाच होता.

‘ग्रॉगी’ हा शब्द ‘ग्रॉग’वरून आला. ग्रॉग म्हणजे पाणी घातलेली रम. ‘ग्रॉग’ कुठून आला, याचं उत्तर एका कापडात सापडतं. रेशीम, मोहेर (अंगोरा शेळीचे केस) आणि लोकर मिसळून विणलेलं, कधी गोंदाची खळ देऊन ताठ केलेलं ‘ग्रोग्रॅम’ नावाचं जाडंभरडं कापड १८ व्या शतकात वापरात होतं. ‘जाड पोत’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांचं ते इंग्रजी रूप. ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन याच कापडाचा झगा घालून डेकवर वावरत, म्हणून खलाशांनी त्यांचं नाव ‘ओल्ड ग्रॉग’ पाडलं होतं. पुढे त्यांनी रमच्या रतिबात पाणी घालायला लावलं, तेव्हा त्या पेयालाही तेच नाव चिकटलं. ही व्युत्पत्ती पहिल्यांदा ऐकताना रचलेली वाटते. पण १७८१ मध्ये टॉमस ट्रॉटर या आरमारी वैद्याने एका कवितेत व्हर्नन यांच्या झग्याशी ग्रॉगचं नाव जोडलेलं आहे आणि शब्दकोशकारही साधारण हीच व्युत्पत्ती देतात.

व्हर्नन त्या काळी इंग्लंडमध्ये घराघरांत माहीत असलेलं नाव होतं. १७३९ च्या नोव्हेंबरात त्यांनी अवघी सहा जहाजं घेऊन पनामाच्या किनाऱ्यावरचं पोर्तोबेलो हे स्पॅनिश बंदर जिंकलं. लंडनमधल्या पोर्टोबेलो रोडच्या नावात तो विजय अजून टिकून आहे. १७४१ च्या कार्ताहेना (आजच्या कोलंबियातलं बंदर) इथल्या मोहिमेत मात्र पराभव झाला आणि रोगराईने हजारो माणसं गेली. त्या मोहिमेत त्यांच्या हाताखाली असलेल्या लॉरेन्स वॉशिंग्टनने पुढे व्हर्जिनियातल्या आपल्या मळ्याला ‘माउंट व्हर्नन’ असं नाव दिलं. तोच मळा नंतर त्याचा सावत्र भाऊ जॉर्ज वॉशिंग्टन याच्याकडे आला.

या दोन मोहिमांच्या मधल्या काळात, २१ ऑगस्ट १७४० रोजी, व्हर्नन यांनी जमेकात आपल्या कप्तानांसाठी तो हुकूम काढला. त्याची गरज कळायची तर आधी गलबतावरच्या पाण्याची अवस्था पाहायला हवी. लाकडी पिंपांत भरलेलं पाणी काही आठवड्यांत शेवाळतं आणि वास मारू लागतं. म्हणून इंग्लंडच्या जवळपासच्या समुद्रात खलाशाला रोज एक गॅलन बिअर मिळे. उष्ण कटिबंधात बिअरही नासते. १६५५ मध्ये जमेका इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि रम हाताशी आली. ती कमी जागेत मावते आणि वर्षानुवर्षं टिकते. ही रम उसाच्या मळीपासून बने आणि ते उसाचे मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. खलाशाच्या पेल्यातली रम कोणाच्या घामातून आली, हे ग्रॉगच्या रंगतदार गोष्टींत बहुतेक वेळा गळून जातं. ते गळता कामा नये, असं मला वाटतं.

रतीब होता माणशी रोज अर्धा पाइंट, म्हणजे आजच्या मापात साधारण पाव लिटर. निर्भेळ आणि कडक. बरेच जण ती एका दमात घशाखाली उतरवत, काही जण साठवून ठेवून एकदमच पीत. मग शिडाच्या दोरांवरून माणसं पडत, मारामाऱ्या होत आणि पाठीवर चाबकाचे फटके बसत. व्हर्नन यांच्या हुकुमाप्रमाणे अर्ध्या पाइंटात एक क्वार्ट, म्हणजे चौपट पाणी मिसळायचं आणि ते दिवसातून दोन वेळा वाटायचं होतं. मिसळायचं तेही सर्वांसमक्ष, डेकवर आणि पहाऱ्यावरच्या लेफ्टनंटच्या देखरेखीखाली, म्हणजे कोणाच्या वाट्याची रम चोरीला जाणार नाही. ज्यांनी आपल्या शिध्यातल्या खारवलेल्या मांसात आणि पावात बचत केली असेल, त्यांनी त्या पैशांतून साखर आणि लिंबं घ्यावीत, म्हणजे पेयाला चव येईल, अशीही तरतूद त्यात होती.

हा हुकूम वाचताना दारूबंदीवाल्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही. माणसं जगावीत, त्यांना शुद्ध राहावी आणि त्यांच्या हक्काचं त्यांना पुरतं मिळावं, अशी कळकळ त्यात आहे. लिंबाच्या उल्लेखावरून व्हर्नन यांना स्कर्व्हीवरचा, म्हणजे ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने खलाशांना जडणाऱ्या रोगावरचा इलाज सापडला होता, असं कुणी सांगतात. हुकुमात मात्र लिंबू केवळ चवीसाठी आहे. लिंबू-संत्र्यांनी स्कर्व्ही बरा होतो हे दाखवणारा, आरमारी वैद्य जेम्स लिंड यांचा ‘सॉल्झबरी’ जहाजावरचा प्रसिद्ध प्रयोग १७४७ चा आणि आरमारात लिंबाचा रस सरसकट मिळू लागला तो १७९५ पासून.

जाता जाता आणखी एक गोष्ट. रम मिसळण्यासाठी हुकुमात ‘स्कटल्ड बट’, म्हणजे भोक पाडलेलं पिंप, सांगितलेलं आहे. पिण्याच्या पाण्याचं पिंपही असंच असे आणि त्याच्याभोवती खलाशी गप्पा मारत. पाणवठ्यावरच्या कुजबुजीला इंग्रजीत ‘स्कटलबट’ म्हणतात ते त्यावरूनच.

आता पुन्हा विशेषणाकडे. ‘ग्रॉगी’ १७७० च्या सुमारास छापील इंग्रजीत दिसू लागतो. १७८५ मध्ये फ्रान्सिस ग्रोस यांनी बाजारू इंग्रजीचा जो कोश काढला, त्यात ग्रॉगच्या नोंदीत व्हर्नन यांचं नाव आहे आणि ‘ग्रॉगी’चा अर्थ सरळ ‘प्यायलेला’ असा दिला आहे. त्याच कोशाच्या १८११ च्या आवृत्तीत ‘ग्रॉग्ड’ घोडा सापडतो, म्हणजे पायांतून गेलेला, लंगडणारा घोडा. या शब्दाच्या प्रवासात मला सर्वांत मोलाचा टप्पा हाच वाटतो. घोडा काही प्यायलेला नसतो. पण त्याची चाल झिंगलेल्या खलाशासारखी दिसते. इथे शब्दातली दारू निघून गेली आणि पाय लटपटणं तेवढं उरलं. पुढे १९ व्या शतकात मुष्टियुद्धात ठोसे खाऊन डगमगणारा मल्ल ‘ग्रॉगी’ झाला. मग तो तोल जाण्याचा अर्थ पायांतून डोक्यात चढला आणि झोप, ताप, औषध, दमणूक, कशानेही जड झालेलं डोकं ‘ग्रॉगी’ ठरलं.

मराठीत असंच घडलेलं दिसतं. ‘झिंग’ दारूची तशी झोपेचीही. ‘गुंगी’ औषधाने येते आणि उन्हातान्हाच्या प्रवासानेही. दारू, थकवा आणि झोप यांचं बाह्य रूप एकच असल्याने भाषा त्यांना एकाच शब्दात बसवते. ‘पेंगुळलेला’ मात्र निखळ झोपेचा आहे, इंग्रजी ‘ग्रॉगी’ला तो पूर्णपणे पुरत नाही.

आपल्या किनाऱ्याचा या गोष्टीशी एक जुना धागा आहे, ग्रॉगच्याही आधीचा. पूर्वेकडे येणाऱ्या इंग्रजांना इथे रम मिळत नसे. ते माडाच्या सुरेपासून गाळलेली अर्क, विशेषतः गोव्याची, पीत. १६७० च्या दशकात या भागात फिरलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने गोव्यातल्या नेरूलच्या अर्काला सर्वोत्तम म्हटलं. किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून ‘पंच’ बनवतात आणि हे नाव ‘पाच’ या इथल्या शब्दावरून, पाच जिनसांमुळे आलं, असंही त्याने लिहिलं. या व्युत्पत्तीबद्दल आज मतभेद आहेत. पण दारूत पाणी, लिंबू आणि साखर घालून ती पिण्याजोगी करण्याची रीत इंग्रज दर्यावर्दींना व्हर्नन यांच्या हुकुमाच्या कितीतरी आधीपासून माहीत होती, हे फ्रायरच्या नोंदीवरून दिसतं.

आरमारातला रतीब पुढे कमी होत गेला. १८२४ मध्ये तो निम्म्यावर आला आणि १८५१ पासून पाइंटचा आठवा भाग उरला. अमेरिकी नौदलाने १ सप्टेंबर १८६२ पासून तो बंदच केला. ब्रिटिश जहाजांवर मात्र सकाळी अकराच्या सुमारास ‘अप स्पिरिट्स’ची, म्हणजे रम वाटपाची हाक आणखी शंभर वर्षं येत राहिली. शेवटी रडार, क्षेपणास्त्रं आणि अणुभट्ट्या सांभाळणाऱ्या हातांना भर दुपारी रम देणं परवडेना. १९७० च्या जानेवारीत हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्यावर वाद झाला आणि ३१ जुलै १९७० रोजी अखेरचा पेला वाटला गेला. नौसैनिक त्या दिवसाला ‘ब्लॅक टॉट डे’ म्हणतात, ‘टॉट’ म्हणजे रमचा रोजचा पेला. कित्येकांनी दंडावर काळ्या फिती बांधल्या, काही ठिकाणी पेल्यांना समुद्रात जलसमाधी दिली गेली. न्यूझीलंडच्या नौदलात हा रतीब आणखी जवळजवळ वीस वर्षं, २८ फेब्रुवारी १९९० पर्यंत चालला.